स्थलांतरावर पहिली कॉमिक काढताय? आधी एवढंच करा

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडून द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला येणाऱ्या मजुरांवर कॉमिक काढायची म्हणतेस, मस्त विषय निवडलास, सोडू नकोस. पण शंभर पानांचं डोक्यातून काढ, आधी चार पानं काढ.

सुरुवातीला सगळे गर्दी काढतात. ट्रक, माणसंच माणसं, चेहरा एकाचाही नाही. तू एकच बाई घे आणि तिचं गाठोडं उघड, तवा, दोन ताटल्या, नागलीचं पीठ, पोराचं स्वेटर. काय आणलं ते दिसलं की काय मागे राहिलं ते वाचणारा आपोआप विचारतो.

दुसरी चूक म्हणजे चौकटीत ढीगभर मजकूर. चित्रकार शॉन टॅनचं २००६ चं 'द अरायव्हल' बघच, घर सोडून परक्या देशात गेलेल्या एका माणसाची चित्रकथा आहे, अख्ख्या पुस्तकात संवाद नाहीत, परक्या शहरातल्या पाट्यासुद्धा बनावट लिपीत, त्यामुळे त्या माणसासोबत आपणही गोंधळतो. हे मला फार उशिरा कळलं.

आणि दोन चौकटींमधली मोकळी जागा वापर. एकीत पहाटेची एसटी, पुढचीत थेट वेलीखाली वर केलेले हात, मधला प्रवास वाचणारा स्वतः करतो. सीमा म्हणजे काटेरी तारच असं नाही गं, कामाला गुजरातेत गेलं की दुकानाची पाटी वाचता येत नाही, तीही सीमाच.

नाशिकच्या पेठ नाक्यावर बसून स्केच कर, पण आधी विचार, आणि कुणाचा खरा चेहरा, नाव नको.

रंग, डिजिटल, छपाई सगळं नंतर. चार पानं झाली की टाक इथे, मी बघते.