रबिंग कंपाऊंडनं गाडीवरचे ओरखडे घरच्या घरी जातात का?

जातात, पण सगळे नाही. कंपाऊंड म्हणजे रंगाचा वरचा थर किंचित घासणारी पेस्ट. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो खोल आहे. तिथं घासत बसू नका, पेंटरला दाखवा.

तुम्ही लिहिलंय, गाडी रोज बेळगाव-खानापूर करते आणि उन्हात बॉनेटवर गोल गोल जाळं दिसतं. ते बहुतेक कोरड्या फडक्यानं धूळ पुसल्याचं आहे. आपल्याकडची लाल धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. म्हणून आधी शाम्पू आणि भरपूर पाण्यानं धुवा. वाळल्यावर हाताला खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, फिरवा. कण राहिला तर कंपाऊंडबरोबर तोही घासला जाणार.

गाडी सावलीत, पत्रा गार हवा. काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप लावा, नाहीतर पांढरे डाग बसतात आणि लवकर निघत नाहीत. पॉलिशिंग मशीनच्या फोम पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके घ्या, दीड-दोन फुटांचा तुकडा धरून आडवं-उभं फिरवा, मायक्रोफायबरनं पुसून उजेडात बघा. पत्र्याच्या धारेवर मशीन अजिबात रेटू नका, तिथं रंग पटकन उडतो. कंपाऊंडनंतर थोडं धुरकट दिसतंच. बारीक पॉलिश मारलं की चमक येते. मग वॅक्स, आणि ते पावसाळ्याआधी पुन्हा एकदा.

वॉशिंग सेंटरवाले दर सर्व्हिसला 'कंपाऊंड मारू का?' विचारतील. सरळ नको म्हणा. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉनच असतो आणि प्रत्येक वेळी त्यातला थोडा जातो.