हीटर कोअर घरी बदलावा का?

मिनेसोटाहून एका वाचकाने विचारलंय : गाडी २००९ची, दीड लाखावर मैल झालेले. हीटर कोअर, म्हणजे गाडीत ऊब देणारा छोटा रेडिएटर, गळतोय. गॅरेजवाला १,३०० डॉलर मागतो, नुसता पार्ट ८५ला मिळतो. बायको म्हणते, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, काढून टाका गाडी. यांचा बेत, शनिवार-रविवारी व्हिडिओ बघून स्वतःच बदलायचा. बचत ४,००० डॉलर, गाडी एकच, ऑफिस २४ मैलांवर.

वहिनींचा मुद्दा आधी घेतो. गाडी विकली तर ३,५०० येतील, म्हणून १,३०० टोचतात. पण ताडून बघायचं ते तिच्या जागी येणाऱ्या गाडीशी. महिना ४५० डॉलरचा हप्ता धरा; तीन हप्त्यांत हे पैसे गेलेच, वर विमाही वाढला. तेव्हा इंजिन-गिअरबॉक्स धड असतील आणि रस्त्यावरच्या मिठाने खालून गाडी खाल्ली नसेल, तर दुरुस्तीच करा.

आता तुमचा बेत. हीटर नुसता गार वारा देत असता, तर मी म्हटलं असतं, कोअर तुंबला असेल, घरीच फ्लश करून बघा. पण तुम्ही लिहिलंय की शेजारच्या सीटखालचं कार्पेट ओलं आहे आणि गोडसर वास येतो. म्हणजे कूलंटची, इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गळतीच. हा पिटुकला रेडिएटर डॅशबोर्डच्या पोटात असतो. बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, एअरबॅगच्या वायरी सोडवाव्या लागतात. कधी एसीचा गॅसही आधी काढून घ्यावा लागतो, आणि तो हवेत सोडणं अमेरिकेत बेकायदा आहे. कूलंट, क्लॅम्प, हत्यारं, गॅसचं काम धरलं तर वाचणारे १,२१५ माझ्या अंदाजाने ८००वर येतात. तेही सगळं सुरळीत झालं तर. मी एकदा थंडीत जुन्या गाडीच्या दाराचं पॅनेल उघडलं होतं. क्लिपा पापडासारख्या मोडल्या. तुमचा डॅशबोर्ड सोमवारी सकाळी घरच्या गॅरेजमध्ये पसरलेला असेल, तर ऑफिसला कशाने जाणार? भाड्याची गाडी आणि टो करून नेण्याचा खर्च त्या ८००तूनच जाणार.

कोअरला जाणारे दोन्ही होज (नळ्या) एकमेकांना जोडून कोअर बायपास करायचा जुगाड जूनमध्ये चालला असता. हिवाळ्यात नाही, काचेवरचं धुकं घालवणारी ऊबही तिथूनच येते.

आणखी दोन छोट्या गॅरेजांत भाव काढा. पार्ट तुम्ही आणलात तर वॉरंटी देतात का, तेही विचारा. पैसे बचतीतून द्या. ती अशाच वेळेसाठी असते, क्रेडिट कार्डवर व्याज चढवू नका. महिना २०० टाकलेत तर सहा-सात महिन्यांत भरून निघेल. आणि कार्पेटखालचा फोम त्याच वेळी काढून धुवून घ्या, नाहीतर कोअर नवा आणि वास जुनाच.