डेझर्टेड म्हणजे वाळवंट नव्हे

"मॅडम, चौथीपर्यंत मराठी शाळेत पहिला यायचा. पाचवीत इंग्रजी माध्यम आलं आणि आता पुस्तक उघडायलाच नको म्हणतो." गोव्यातले पालक डिचोलीचे असोत की पेडण्याचे, वाक्य हेच. पुढचंही ठरलेलं: "रोज २० शब्द पाठ करून घेते, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी!"

माझं मत आधीच सांगते. यादी घोकून घेतल्याने घरात भांडण तेवढं पक्कं होतं.

फोंड्याकडचा एक मुलगा. कुटुंब तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरहून आलेलं. पहिल्या भेटीत त्याच्यापुढे एक ओळ ठेवली: 'द फेरी वॉज क्राउडेड, बट द वेटिंग रूम वॉज डेझर्टेड.' शेवटच्या शब्दावर गाडी अडली.

"वाळवंट," तो म्हणाला. मग आईकडे बघत, "की जेवणानंतरचं गोड?"

दोन्ही अर्थ यादीतले. चूक नेमकी इथेच होते. मूल शब्दाचा चेहरा बघतं, त्याचा शेजार बघत नाही.

दोन-तीन भेटी अशाच गेल्या. मग एकदा सहज विचारलं, "कोंकणी कुठे शिकलास रे?"

"ग्राउंडवर."

"शब्द कोणी लिहून दिले?"

तो हसला. "पहिल्या दिवशी पोरं 'पळय, पळय' ओरडली. मला वाटलं पळायचंय. मी पळत सुटलो!"

"मग कळलं कधी?"

"एकाने झाडाकडे बोट दाखवून पळय म्हटलं. वर माकड होतं."

पळय म्हणजे बघ. बोट, झाड, सगळ्यांच्या वर झालेल्या माना, एवढ्यावरून या पोराने अर्थ काढला होता, तोही मराठीतला सारखा दिसणारा शब्द बाजूला सारून. म्हणजे मला त्याला नवं काही शिकवायचंच नव्हतं. फेरीची ओळ पुन्हा पुढे सरकवली आणि फक्त 'बट'वर बोट ठेवलं.

"फेरीत गर्दी, पण खोलीत..." तो थांबला. "खोलीत कोणीच नाही!"

आईने मांडीवरची यादीची वही पिशवीत टाकली.

राहिला सूर. "'लव्हली,' शी मटर्ड, ॲज द रेन सोक्ट हर बुक्स." तो म्हणाला, ती खूश आहे. मी विचारलं, "तू दूध सांडल्यावर आई 'शहाणाच आहेस!' म्हणते, तेव्हा बक्षीस मिळतं का?" आई आधी हसली, मग तो. "म्हणजे ही वैतागलीय. पुटपुटतेय." मटर्डचा अर्थही त्यातच सुटला.

तेव्हापासून अडलेल्या शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने अधिक किंवा उणे चिन्ह करायला सांगते. कौतुक, आनंद असेल तर अधिक. भीती, तक्रार असेल तर उणे. निम्मा अर्थ तिथेच हाती लागतो.

घरी रोज १५ मिनिटं पुरेत. उताऱ्यातले १०० शब्द मोजा. पाचांहून जास्त अडले तर सोपा उतारा घ्या. भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या अभ्यासानुसार मदतीशिवाय नीट समजायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे ५० शब्दांत अनोळखी एकच. माझी पाचाची सूट कोणी मोठं शेजारी बसलं असेल तेव्हाचीच. शब्द अडला तरी पूर्णविरामापर्यंत जाऊ द्या, मधे टोकू नका. मग त्या जागी जमेल तो मराठी शब्द घालून वाक्य म्हणायला लावा. तो वस्तू आहे, क्रिया आहे की वर्णन, हे आपसूक कळतं. 'बट', 'दो' (though) दिसले की अर्थ उलटा वळतो, 'बिकॉज'नंतर कारण येतं, 'सच ॲज'नंतर उदाहरणं. शब्दकोश अंदाज बांधून झाल्यावर. वहीत सुटा शब्द न लिहिता अख्खं वाक्य उतरवायचं, नाहीतर पुन्हा यादीच तयार होते.

आणि प्रत्येक वाक्य अर्थ सांगतंच असंही नाही, तेव्हा मुलावर चिडू नका. 'अंकल बॉट अ मॅकरेल' एवढ्यावरून काकांनी छत्री आणली की मासा, कोण सांगणार? पुढे 'अँड फ्राइड इट' आलं की छत्री बाद. बांगडा की इसवण, हे मात्र शब्दकोशातच बघावं लागतं.