‘चयापचय’मध्ये ‘पच’ नाही

प्रश्न सांगलीच्या गावभागातून आला आहे. आरोग्य तपासणीत एका वाचकाच्या आईंना मिळालेल्या कार्डावर ‘चयापचय विकार तपासणी’ असं छापलं होतं. आई म्हणाल्या, “मला दोन भाकऱ्या नि खर्डा सुखाने पचतो. मग माझी कंबर कशाला मोजली?” चिरंजीव विचारतात, चयापचय म्हणजे पचनच ना?

नाही. पण यात आईंची चूक नाही, हा शब्दच कानाला चकवतो. च-या-पच-य असा ऐकला की मधोमध ‘पच’ सापडतो आणि मन पोटाकडे वळतं. खरी फोड चय + अपचय अशी आहे. ‘पचन’ हा पच् धातूचा, म्हणजे शिजण्याचा. ‘चय’ चि धातूचा, म्हणजे गोळा करण्याचा, रचण्याचा. संचय, समुच्चय, चयन, लाकडं रचून केलेली चितासुद्धा याच कुळातली. ‘चय’च्या आधी ‘अप’ लागला की झीज, घट. उच्चारही सांगून ठेवतो: दोन्ही ‘च’ चहातले, चाकातले नव्हेत.

पचन संपतं आतड्यात. चयापचय चालतो पेशीपेशीत. जेवणातली साखर यकृतात ग्लायकोजेन होऊन साठते, जास्तीची चरबी होते, हा चय. उपाशी पोटी तोच साठा मोडून शरीर चालतं, हा अपचय. इन्शुलिन चयाच्या बाजूने जोर लावतं. ते फारच कमी पडलं की मोडतोड वरचढ होते, म्हणून मधुमेहावर उपचार नसले तर भरपूर खाऊनही माणूस वाळतो. त्याचं पचन मात्र ठणठणीत असू शकतं. ग्रीकवरून आलेल्या ‘मेटाबॉलिझम’ या शब्दात नुसता ‘बदल’ आहे. आपल्या शब्दाने त्या बदलाच्या दोन्ही दिशा नावातच सांगितल्या, आणि मला तो त्यासाठी फार आवडतो. (वैद्यांशी बोलताना जपून, आयुर्वेदात ‘चय’ म्हणजे दोष साठणं.)

आता कंबर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावतात, कारण पोटातली चरबी चयापचयाला सर्वांत जास्त छळते. भारतीय बाईसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषासाठी ९० ही धोक्याची रेघ. वजनकाट्याला हे कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं उदाहरण २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छायाचित्रासह आलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, तंतोतंत २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीतही बीएमआयवरून ठरणारा लठ्ठपणा २८.६ टक्के प्रौढांत आढळला, पोटाचा ३९.५ टक्के लोकांत. म्हणजे काट्यावर बऱ्या दिसणाऱ्या कितीतरी जणांना टेपने पकडलं. आईंची कंबर मोजली ती याचसाठी.

वापराचं थोडं. चयापचय पुल्लिंगी: ‘चयापचय बिघडला’. ‘बिघडली’ ऐकू येतं ते ‘चयापचय क्रिया’मधल्या क्रियेमुळे, तेही बरोबरच. ‘माझा चयापचय मंद आहे’ हे ‘मला जेवण जड होतं’ या अर्थाने मात्र म्हणू नये, तिथे ‘पचन मंद आहे’ म्हणावं.

आणि आईंना सांगताना ‘अंगातला जमाखर्च’ म्हणा. सांगलीसारख्या, हळदीच्या व्यापारी पेढ्यांच्या गावात जमा आणि खर्च वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. फरक एवढाच की पेढीला शिल्लक वाढलेली हवी असते, कमरेला नको असते. कार्ड छापणाऱ्यांनीही ‘साखर, चरबी आणि रक्तदाब तपासणी’ असं लिहिलं असतं, तर आईंनी कंबरेबद्दल विचारण्याऐवजी आपली साखर किती आली ते विचारलं असतं.