गाडी सुटली की लगेच लागते

"ताई, गाडी बोरिवलीहून सुटली की मला लगेच लघवीला लागते." दार नीट बंद आहे ना, हे बघून मग त्या बोलल्या. वय ३४, नोकरी चर्चगेटला. निघताना घरी एकदा, स्टेशनवर पुन्हा एकदा जाऊन यायच्या, तरी अंधेरी येईपर्यंत घाम फुटायचा. कधी मध्येच उतरायच्या. उपाय म्हणून पाणीच सोडलं होतं. पर्समधली बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी यायची.

आधी डॉक्टरांकडे पाठवलं. जळजळ, ताप, लघवीत रक्त, वाढलेली साखर हे माझ्या खोलीत सुटणारे प्रश्न नाहीत. लघवीचा आणि साखरेचा, दोन्ही रिपोर्ट चांगले आले. मग मी त्यांना एक मापाचा मग घ्यायला सांगितला. तीन दिवस दर वेळची लघवी मोजून वहीत लिहायची. त्या लाजल्या, पण लिहून आणलं: ९०, ७०, ११०, ८० मिली.

इथेच सगळं कळलं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावते. पहिली जाणीव १५०-२००च्या आसपास होते आणि "आत्ता नको" असं मेंदू त्याला सांगू शकतो. यांनी मात्र "असू दे, जाऊन येते" करत मूत्राशयाला ८०लाच हाक मारायला शिकवलं होतं. त्यात गाडीतली धास्ती.

आणि पाणी? मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत घेतात. आपण पाणी तोडलं तरी शरीरातली घाण बाहेर टाकायला लघवी होतेच, फक्त घट्ट आणि गडद. तशी लघवी काहींच्या मूत्राशयाला टोचते, म्हणजे घाई आणखी वाढते.

सराव रविवारी, घरीच सुरू केला. लागली की जागच्या जागी थांबायचं, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू पाच-सहा वेळा आवळून सोडायचे, दहा मिनिटांनी जायचं. पुढच्या आठवड्यात पंधरा. पाणी दिवसभर थोडं थोडं, निघायच्या आधीचा दुसरा चहा बंद.

दीड महिन्याने वहीत २४० दिसलं. मधे एकदा गाडी दादरच्या अलीकडे वीस मिनिटं खोळंबली होती, त्या बसून राहिल्या. घरून निघताना मात्र अजून एकदा जाऊन येतात. तेवढं राहू द्या, म्हटलं. स्टेशनवरचं बायकांचं स्वच्छतागृह कधी कुलूपबंद असेल, मुंबईत कोण सांगणार?