आक्रीत, नवल, विपरीत: कुठं काय म्हणायचं?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सातवीतल्या मुलीनं शाळेच्या भित्तिपत्रकासाठी जगातल्या अजब घटनांवर मजकूर लिहिला. त्यात एका ठिकाणी 'असं आक्रीत घडलं' असं वाक्य होतं. बाईंनी 'आक्रीत' खोडून 'विचित्र प्रकार' केलं आणि समासात 'ग्रामीण' असा शेरा मारला. ताई विचारतात, 'आमच्या सासूबाई हा शब्द येता-जाता म्हणतात. तो अशुद्ध आहे का? आणि विचित्र, अजब, नवल, विपरीत हे सगळे एकाच अर्थाचे का?'

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: शब्द अशुद्ध अजिबात नाही. बोलण्यातला आहे, जुना आहे, आणि कोल्हापूर-सांगलीकडं अजून धडधाकट जिवंत आहे. कुणी 'अक्रीत' लिहितं, कुणी 'अकरीत'. त्याचं मूळ 'अकृत' असावं, म्हणजे पूर्वी कधी न केलेलं, न झालेलं, हे मला पटतं. कारण आपल्या जिभेला 'ऋ' कधीच मानवला नाही. कृपेची किरपा झाली, गृहस्थाचा गिरस्त झाला, अमृताचं अमरित झालं. तसंच अकृताचं अकरीत. मात्र 'अक्रीत' हे रूप बघून कुणी संस्कृत कोश उघडला तर फसेल. तिथं 'क्रीत' म्हणजे विकत घेतलेलं आणि 'अक्रीत' म्हणजे विकत न घेतलेलं. आपल्या आक्रीताचा बाजाराशी काही संबंध नाही.

दुसरा प्रश्न जास्त मजेचा आहे. हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. गोष्ट किती जगावेगळी आहे यावरून ते वेगळे होत नाहीत, बोलणारा तिच्यापासून किती लांब उभा आहे यावरून होतात. 'विचित्र' म्हणणारा लांब उभा असतो, जरा नाक मुरडून. 'नवल' म्हणणारा जवळ येऊन बघतो. 'आक्रीत' म्हणणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो. 'काय आक्रीत म्हणायचं ह्ये!' हे वाक्य तोंडावर हात गेल्याशिवाय निघतच नाही. सासूबाईंकडं एकदा नीट बघा.

आता मुलीच्या विषयातलीच उदाहरणं घेऊ.

आफ्रिकेत कॅमेरून देशात न्योस नावाचं सरोवर आहे, ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री आसपासच्या वाड्या-वस्त्यांतली सुमारे १,७०० माणसं आणि हजारो गुरं मेली. ना आग, ना भूकंप, ना पूर. घरं उभी, भांडी जागच्या जागी, आणि माणसं पडली तिथंच गेलेली. कारण नंतर कळलं. सरोवराच्या तळाशी जमिनीतून येणारा कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं पाण्यात विरघळून साठत होता. तो त्या रात्री एकदम उसळून बाहेर आला. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळं तो वर न जाता दऱ्यांतून पाण्यासारखा खाली वाहत गेला आणि वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंतच्या माणसांचा श्वास कोंडला. आता तिथं तळापर्यंत नळ सोडून वायू थोडा थोडा बाहेर काढतात.

याला 'विचित्र प्रकार' म्हणून बघा. वाक्य व्याकरणात बसतं, पण माणुसकीत बसत नाही. सतराशे माणसं गेली तिथं 'विचित्र' हा शब्द थंड पडतो. इथं आक्रीतच. मुलीनं ते वाक्य याच घटनेसाठी लिहिलं असेल, तर तिचा कान बाईंपेक्षा तयार आहे, एवढं मी स्पष्ट सांगतो.

'विचित्र'वर माझा राग नाही. उलट त्याची अधोगती बघून वाईट वाटतं. संस्कृतात 'चित्र' म्हणजे रंगीबेरंगी, ठिपक्या-ठिपक्यांचं. 'विचित्र' म्हणजे नाना रंगांनी नटलेलं, सुंदरसुद्धा. महाभारतातल्या विचित्रवीर्याचं नाव ठेवताना घरच्यांना मुलाची टिंगल करायची नव्हती. मराठीत येता येता रंग उडाले आणि राहिलं ते 'विचित्र वास येतोय', 'माणूस जरा विचित्रच आहे'. 'चमत्कारिक'चंही तेच. चमत्कार म्हटला की आपण हात जोडतो, पण चमत्कारिक माणूस दिसला की रस्ता बदलतो. म्हणून 'जगातल्या चमत्कारिक घटना' असा मथळा दिला, तर वाचणाऱ्याला आधी शंकाच येते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, पण कोल्हापूरकराला चटकन कळणारं. १५ जानेवारी १९१९ ला बोस्टन शहरात एक प्रचंड टाकी फुटली आणि रस्त्यात लाट आली, ती पाण्याची नव्हती. मराठीत या घटनेबद्दल लिहिणारे कधी 'गुळाचा पूर' म्हणतात, कधी 'काकवीचा', कधी 'पाकाचा'. उसाच्या मुलखात तरी ही चूक होऊ नये. काकवी गुऱ्हाळावरची, भाकरीबरोबर खायची. त्या टाकीत होती ती साखर काढून झाल्यावर उरणारी दाट काळपट मळी, जिच्यापासून अल्कोहोल काढतात. आपल्याकडं कारखान्याच्या डिस्टिलरीत जाते तीच. (शेतात खत म्हणून टाकतात त्या प्रेसमडलाही कित्येक जण मळीच म्हणतात, तो भाग वेगळा.) टाकी सुमारे ५० फूट उंच आणि ९० फूट व्यासाची, आत सुमारे २३ लाख गॅलन मळी. लाटेची उंची २५ फुटांपर्यंत आणि वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास होता असं सांगतात. २१ माणसं मेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. मळी पाण्यापेक्षा जड आणि चिकट, त्यात थंडीचे दिवस. अडकलेल्याला ओढून काढणंही मुश्किल.

मळीत बुडून माणूस मरावा हे आक्रीत खरंच. पण इथं या शब्दातली एक खोच दिसते. 'आक्रीत घडलं' म्हटलं की कर्ता नाहीसा होतो. जणू आभाळातून पडलं, कुणाचा दोष नाही. प्रत्यक्षात ती टाकी पहिल्यापासून गळत होती. ती नीट तपासलेली नव्हती, गळती झाकायला तिला तपकिरी रंग दिलेला होता. कुणीतरी बाँब ठेवला असा मालक कंपनीचा बचाव होता, तो टिकला नाही. १९२५ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात गेला आणि भरपाई द्यावी लागली. अशा ठिकाणी बघणाऱ्यानं 'आक्रीत' म्हणावं, पण बातमी लिहिणाऱ्यानं 'दुर्घटना' म्हणावं आणि पुढच्याच वाक्यात कुणाच्या हलगर्जीनं ते सांगावं. 'अघटित'लाही हीच सावधगिरी लागू. तो शब्द तसा गमतीचा: जे घडत नाही ते घडलं. वेदान्तात मायेला 'अघटितघटनापटीयसी' म्हणतात, म्हणजे न घडणारं घडवण्यात पटाईत. पूल पडला की आपले पुढारीही 'अघटित घडलं' म्हणतात. कंत्राटदाराला मायेच्या रांगेत बसवायचं ते असं!

आपल्या बोलीला ही खोच ठाऊक असावी, कारण 'आक्रीत घडणं'च्या बरोबरीनं 'आक्रीत करणं'ही आहे. 'ह्या पोरानं काय आक्रीत करून ठेवलंय बघा' यात कर्ता पक्का पकडलेला आहे.

'विपरीत'चा (बोलीत 'इपरीत') मूळ अर्थ उलटं फिरलेलं. म्हणून ते नुसत्या अनोख्या गोष्टीला लागत नाही. जे व्हायचं त्याच्या उलट झालं पाहिजे. १५१८ च्या उन्हाळ्यात, आजच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात एक बाई रस्त्यात नाचायला लागली ती थांबेचना, आणि बघता बघता शेकडो लोक तसेच नाचू लागले. हे आक्रीत. पण तिथल्या कारभाऱ्यांनी काय करावं? नाचून नाचून अंगातलं निघून जाईल म्हणून त्यांनी त्यांना जागा मोकळी करून दिली, मंच बांधला, वाजंत्री लावले. लागण आणखी पसरली. हे विपरीत. दोन्ही शब्द एकाच घटनेत, शेजारी-शेजारी, आपापल्या जागी.

'अजब' अरबीतून फारसीमार्गे आला. त्याच मुळापासूनचा 'अजायब', आणि त्यावरून अजायबखाना. हा हलका शब्द आहे, यात भीती नाही, वर्तमानपत्राच्या चौकटीला शोभतो. १९३२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात सुमारे वीस हजार एमू पक्षी गव्हाच्या शेतांत घुसले आणि सरकारनं त्यांच्यावर मशीनगन घेऊन लष्करी तुकडी पाठवली. पक्षी पांगले, गोळ्या वाया गेल्या, तुकडी परत आली. 'अजब लढाई' म्हणायला हरकत नाही. हे वाचून चंदगड-आजऱ्याकडचा शेतकरी मात्र हसणार नाही. हत्तींनी एका रात्रीत ऊस लोळवलेला त्यानं बघितलाय. 'गजब' मात्र जपून वापरा. अरबीत त्याचा अर्थ राग, कोप. मराठीत तो अनर्थाकडं झुकला. आता हिंदीच्या नादानं 'गजब!' म्हणजे 'लई भारी' झालंय. तसं कौतुक करायचं तर आपल्याकडं 'नाद खुळा' आहेच, उसनवारी कशाला?

राहिलं 'नवल'. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव घ्या. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत देवीच्या पायांपर्यंत आणि तिथून वर चढत चेहऱ्यापर्यंत जातात. बघायला गर्दी उसळते, लोक श्वास रोखून उभे राहतात. पण कुणी त्याला आक्रीत म्हणत नाही, म्हटलं तर लोक वळून बघतील. ते ठरलेल्या दिवसांत, बांधणाऱ्यांच्या हिशेबानं होतं. थक्क करतं, पण घडी मोडत नाही. त्याला नवल म्हणायचं. 'नवल'मध्ये 'नव' आहे, भीती नाही. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेही नवलच. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला होता.

पाण्याच्या रंगावरून एक जुना शब्द आठवला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही: 'उत्पात'. जुना ज्योतिषी वराहमिहिर, त्याच्या बृहत्संहिता या ग्रंथात यावर एक अख्खा अध्याय आहे. निसर्गाची नेहमीची रीत बदलली की तो उत्पात. त्याचे तीन प्रकार, दिव्य (ग्रह-ताऱ्यांतले), आंतरिक्ष (आभाळातले) आणि भौम (जमिनीवरचे). रक्ताचा पाऊस हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. २००१ च्या जुलैपासून केरळात कोट्टायम आणि आसपास खरोखर लाल पाऊस पडला, कपडे रंगले. जुन्या काळी त्यासाठी शांतीची पूजा करावी लागली असती. तपासणीत निघाले ते एका शेवाळाचे बीजाणू. आणि हा एवढा भारदस्त शब्द आज आपण कुठं वापरतो? 'पोरांनी नुसता उत्पात मांडलाय.' धूमकेतूवरून घसरला तो थेट दिवाणखान्यातल्या गादीवर.

आक्रीतही असं झिजेल का, मला शंका आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांची पातळी ओलांडली (धोक्याची पातळी ४३ फूट), शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कितीतरी दिवस शहराचा रस्ता तुटला. तेव्हा जो तो म्हणत होता, 'असलं आक्रीत जल्मात बघितलं न्हाई.' जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा तितकंच चढलं. त्या वेळी हा शब्द कानावर फारसा पडला नाही. लोक 'एकोणीसपेक्षा वर हाय का खाली?' एवढंच विचारत होते. दुसऱ्यांदा आलं की ते आक्रीत राहत नाही, त्याची फूटपट्टी होते.

तेव्हा ताई, भित्तिपत्रकाचा मथळा 'जगातल्या अजब घटना' हाच ठेवा, बरोबर आहे. 'जगातली आक्रीतं' असं अनेकवचन करू नका. हा शब्द 'नवल'सारखाच एकवचनात शोभतो. आत मजकुरात एमूला अजब, लोणारला नवल, स्ट्रासबर्गच्या वाजंत्र्यांना विपरीत, आणि न्योसला आक्रीत. बाईंना 'ग्रामीण' शेऱ्याबद्दल विचारायचंच असेल, तर भांडू नका. एवढंच म्हणा, 'सतराशे माणसं एका रात्रीत गेली, त्याला तुमच्या घरी काय म्हणतात?'