मांजरीला शुगर आणि किडनी दोन्हीचा त्रास निघाला आहे. शुगर ३८०, क्रिएटिनिन ३.४. एक डॉक्टर शुगरचं खाणं द्या म्हणतात, दुसरे किडनीचं. घरी सांभाळणं जमतं का, आणि खायला नेमकं काय द्यायचं? घरचे म्हणतात, सुया टोचून मुक्या जिवाला छळू नका.

जमतं. आम्ही सोलापुरात राहून केलंय. खाण्याचं पुढे सांगते, पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला जास्त लागलं: 'घरचे म्हणतात, सुया टोचून मुक्या जिवाला छळू नका.' म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

आमचा भुऱ्या म्हणजे करड्या रंगाचा, नसबंदी झालेला, अंगाने भरलेला बोका. शुगर अशाच बोक्यांना जास्त होते. त्याची आधी शुगर सापडली आणि नंतरच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात वाढणारं द्रव्य, ३.१ आलं. मांजरांच्या किडनीचे टप्पे ठरवायची 'आयरिस' नावाची पद्धत आहे, तिच्यात २.९ ते ५.० म्हणजे तिसरा टप्पा. तुम्ही ३.४ लिहिलंय, म्हणजे तुमची मांजरही तिथेच. फक्त तो आकडा अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेतलेला नसावा आणि पुन्हा एकदा तपासून पक्का केलेला असावा. शिवाय मांजर वाळलेली असेल तर क्रिएटिनिन आहे त्यापेक्षा कमी दिसतं, कारण ते स्नायूंतून येतं आणि स्नायूच उरलेले नसतात.

तर त्या वर्षी जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला सगळे आमच्याकडे जमले होते. नंदीध्वजांची मिरवणूक बघून मंडळी जेवायला आली आणि नेमकी भुऱ्याच्या किडनीसाठीच्या सलाईनची वेळ झाली. खिडकीच्या गजाला बाटली टांगलेली, खाली चादरीवर भुऱ्या डोळे मिटून बसलेला. धाकटे दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, हे तुम्ही त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठी करताय. नुसता छळ आहे हा. एक इंजेक्शन द्या, सुटेल बिचारा." घरात पाहुणे होते, माझ्या हातात सुई होती. मी काही बोलले नाही. पण मला त्यांना जे सांगायचं होतं ते तुमच्या घरच्यांनाही लागू आहे.

छळ कशाला म्हणायचं? इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरपूर असूनही शरीराला ती वापरता येत नाही. मांजर पोटभर खातं आणि तरी वाळत जातं. मागच्या पायांच्या नसा कमजोर होतात, टाचा जमिनीला टेकवून चालायला लागतं. शरीर चरबी जाळायला लागलं की कीटोन नावाची घातक द्रव्यं साचतात, उलट्या होतात, धाप लागते, शेवटी शुद्ध जाते. किडनीचं तसं सोडून दिलं तर रक्तात साचलेल्या विषारी द्रव्यांनी सतत मळमळ होते, तोंडात व्रण पडतात. भूक असते पण खाता येत नाही. छळ याला म्हणायचं. इन्सुलिनची सुई ३१ गेजची, म्हणजे अगदी बारीक असते. भुऱ्या खाण्यात गुंतला की कुशीवरची कातडी चिमटीत धरून टोचायची. त्याने कधी ताटलीतून तोंडही वर काढलं नाही.

घरात माझ्या बाजूने कोण उभं राहिलं असेल तर सासूबाई. त्यांना मांजर घरात मुळीच आवडायचं नाही, देवघराच्या आसपास तर नाहीच. पण त्या स्वतः कित्येक वर्षं इन्सुलिनवर, त्यामुळे या आजाराची त्यांना जी समज होती ती घरात बाकी कुणालाच नव्हती.

डॉक्टरांनी ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन लिहून दिलं होतं, दर १२ तासांनी. ग्लार्जिन माणसांचंच, एका मिलीत १०० युनिट. सासूबाईंचं जुन्या पद्धतीचं, एका मिलीत ४० युनिट, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० ची असते केशरी टोपणाची. मेडिकलवाल्याने मला लाल टोपणाची दिली आणि वर म्हणाला, "इन्सुलिनच्या सगळ्या सारख्याच असतात ताई." सासूबाईंनी पिशवीत बघितलं आणि तिथल्या तिथे परत करायला लावली. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन एका खुणेपर्यंत भरलं की एका युनिटऐवजी अडीच युनिट जातं. चार-साडेचार किलोच्या जिवाला ते जिवावरचं आहे. तुम्ही ३० युनिटची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली, १०० चीच सिरिंज मागा. प्राण्यांसाठीच्या काही इन्सुलिनमध्ये मिलीला ४० युनिट असतात, तिथे मात्र लाल टोपण. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच पाहिजे, बाकी कुणाचं ऐकू नका.

पुढे मे महिन्यात, ऊन ४२ च्या वर गेलेलं, संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर सासूबाई दारातच. "अगं, साखर उतरलीय बघ त्याची. मला होतंय ना, अगदी तसंच." भुऱ्या भिंतीला धरून चालल्यासारखा झोकांड्या खात होता, हाक मारली तर बघत होता पण नजर लागत नव्हती. कानाच्या कडेला टोचून साखर मोजायचा मीटर लावला, ४१. माणसांचा मीटर मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा थोडं कमीच दाखवतो, तरी ते फार कमी होतं. सासूबाईंनी मधाची बाटली आधीच काढून ठेवली होती. बोटाने हिरड्यांवर मध चोळला. (झटके येत असतील तर तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. बोटही दातांमध्ये घालायचं नाही.) डॉक्टरांना फोन लावला, थोडं सावरल्यावर खायला दिलं, रात्रभर मोजत बसलो. सासूबाई माझ्यासोबत जाग्या होत्या.

डोस तोच, वेळ तीच, सकाळी तो जेवलेलाही होता. मग साखर उतरली कशी? इन्सुलिन शरीरातून बाहेर काढण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. किडनी मंदावली की तेच इन्सुलिन जास्त वेळ टिकतं, म्हणजे जुना डोसच नव्याने जास्त ठरतो. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं आणि डोस निम्म्यावर आला. दोन्ही आजार असलेल्या मांजराच्या बाबतीत हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घरी मीटर नसेल तर इन्सुलिन सुरूच करू नये. क्लिनिकमध्ये भीतीनेच मांजराची साखर ३००-४०० पर्यंत जाऊ शकते, निरोगी मांजराचीसुद्धा. तुमचा ३८० हा आकडा तिथलाच असेल तर फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी करून घ्या, त्यात मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते. आणि आकडे सुंदर करण्याच्या मागे लागू नका. आमच्या डॉक्टरांनी १०० ते ३०० च्या मध्ये चालेल असं सांगितलं होतं. थोडी चढलेली साखर एका दिवसात मारत नाही, उतरलेली मारते.

आता खाणं. तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, अडचण तिथेच आहे. शुगरला पिष्ट (कार्बोहायड्रेट) कमी आणि प्रथिनं जास्त लागतात, किडनीला फॉस्फरस कमी लागतो. किडनीच्या आजारासाठी मिळणाऱ्या कोरड्या खाण्यात बहुतेक वेळा पिष्ट भरपूर असतं. म्हणून कोरडं बंद करून ओलं, किडनीचं पाऊचमधलं, वर दोन चमचे कोमट पाणी घालून. ते खात नसेल तर साधं ओलं, कमी पिष्टाचं, आणि त्यात डॉक्टरांनी दिलेलं फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध. तेही खात नसेल तर जे खाईल ते. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून तिसराच आजार उभा राहतो. योग्य खाण्याच्या हट्टापायी मांजर उपाशी ठेवू नका. खात नसेल त्या वेळी मात्र पूर्ण डोस टोचायचा नाही, आधी फोन.

घरचं म्हणाल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चांगला, त्यात फॉस्फरस अगदी कमी आणि पिष्ट जवळजवळ नाही. बलकात फॉस्फरस खूप. चिकन उकडून पाणी टाकून दिलं तर फॉस्फरस थोडा कमी होतो, पण नुसत्या चिकनवर मांजर ठेवता येत नाही. सुकट, बोंबील बंद. दूध-भाकरी आपल्याकडे मांजराला सर्रास घालतात, तीही बंद. रश्श्यातलं मटण तर कधीच नाही, कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला विषासारखा.

सलाईन घरी देता येतं. आरएलची (रिंगर लॅक्टेट सलाईनची) बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी गरम करायची, खांद्यांच्या मधली कातडी उचलून सुई घालायची. किती मिली ते डॉक्टर ठरवतील, आम्हाला १०० सांगितलं होतं. कातडीखाली पाण्याचा फुगा येतो, कधी घसरून पायापाशी उतरतो, काही तासांत जिरतो. घाबरू नका. दुकानात आरएल नाही म्हणून डीएनएस देऊ करतील, ते घ्यायचं नाही, त्यात साखर असते.

सोलापूरकरांसाठी दोन गोष्टी. उन्हाळ्यात वीज गेली की इन्सुलिनची कुपी घट्ट डब्यात घालून ती मातीच्या माठात ठेवा, आणि एरवी फ्रीजमध्ये ठेवताना बर्फाच्या कप्प्यापासून लांब. आणि या मांजरांना लघवी फार होते, तर आपलं नळाचं पाणी काही दिवसांआड. रेतीचा ट्रे धुण्यासाठी वेगळी बादली भरून ठेवत जा. पाणी कमी आहे म्हणून मांजराच्या वाट्या मात्र कधी रिकाम्या ठेवायच्या नाहीत.

कुणीतरी तुम्हाला इन्सुलिनऐवजी तोंडाने द्यायच्या औषधांचं सांगेलच. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन मांजरांसाठी मंजूर झालं हे खरं. पण ज्या मांजराने आधी इन्सुलिन घेतलंय त्याला ती द्यायची नसतात, आणि किडनी खराब असेल तर आणखीच जपून. घरातल्या माणसांच्या डब्यातली त्याच जातीची गोळी अर्धी करून देण्याचा विचार कुणी करत असेल तर थांबवा. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, एका गोळीत मांजर जातं.

भुऱ्या त्या यात्रेनंतर पुढची यात्रा बघून गेला. अधूनमधून गच्चीवर जायचा, सासूबाईंच्या पायाशी झोपायचा, त्यांनी हाकलणं केव्हाच सोडलं होतं. शेवटी क्रिएटिनिन पाचच्या पलीकडे गेलं, तोंडात व्रण आले, मळमळीचं औषध देऊनही खाईना, अंग चाटून साफ करणं थांबलं. तेव्हा डॉक्टरांच्या हातून त्याला झोपवलं. दीर म्हणाले, "शेवटी मी म्हणत होतो तेच केलंत ना?" नाही भाऊजी, तेच नाही केलं. तुम्ही म्हणालात तेव्हा तो खात होता, खेळत होता, त्याला बरं वाटत होतं. आम्ही केलं तेव्हा त्याला बरं वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुमच्या घरच्यांनाही एवढंच विचारा: आज ती खाते का, अंग चाटते का, हाक मारली की येते का? ही उत्तरं आठवडाभर वहीत लिहा, शेजारी साखर आणि वजन लिहा, आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

आणि हो, वरचे डोस आणि मिली भुऱ्याचे आहेत, तुमच्या मांजरीचे नाहीत. हृदयाचा त्रास असेल तर सलाईनने छातीत पाणी साचू शकतं, ते सुरू करण्याआधी तपासून घ्या. साखर असलेल्या लघवीत जंतुसंसर्ग सहज होतो, म्हणून लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करा. बीपीही मोजायला सांगा, या आजारात ते वाढून मांजराला अचानक दिसेनासं होऊ शकतं. तुमच्या प्रश्नात फॉस्फरस आणि पोटॅशियमचे आकडे दिसत नाहीत. खाणं बदलण्याआधी तेवढी तपासणी करून घ्या.